खंडेनवमीची ब्रांच

निनादच्या तोंडावर पहिला ठोसा मारला तो माझ्या सख्ख्या भावानं. निनादचं डोकं मागे कंट्रोल पॅनलच्या पत्र्यावर आपटलं, ओठ फाटला आणि रक्त हनुवटीवरून त्याच्या पांढऱ्या झब्ब्यावर उतरलं. तरी तो हलला नाही. दोन्ही हात पसरून, पाठ पॅनलला चिकटवून तसाच उभा राहिला.

"बाजूला सर!" रंगादादा ओरडला.

"नाही सरणार."

"आरं, माझी भैन अडकलीया तिकडं!"

"म्हणूनच नाही सरणार! मशीन चालू केलंत तर रॅम आधी खाली येईल. खाली! वर नाही!"

"मला शिकवतोस व्हय रं?" दादानं दुसरा ठोसा त्याच्या बरगडीत घातला. निनाद कमरेत वाकला, पण पॅनल त्यानं सोडलं नाही.

अडकलेली भैन म्हणजे मी. त्या दोघांपासून चार पावलांवर मी पत्रा दाबायच्या प्रेसपुढे वाकून उभी होते. या प्रेसला खाली डाय, म्हणजे साचा, असते आणि वर रॅम नावाचा लोखंडाचा जाडजूड ठोकळा. रॅम खाली येतो, मधल्या पत्र्याला दाबतो आणि त्याला आकार देतो. त्या दिवशी मधे पत्रा नव्हता, माझा उजवा हात होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट रॅमखाली चेपली गेली होती. बाकीचा तळवा डायच्या खोबणीत अडकल्यामुळे तेवढा शाबूत होता. रॅम आणखी बोटभर जरी खाली आला असता, तरी तो तळवाही गेला असता.

खरं सांगायचं तर निनादला पहिला ठोसा बसला तेव्हा मला बरं वाटलं. बोटांत अजून दुखणं आलं नव्हतं, नुसता गारठा होता, आणि त्या गारठ्यात माझ्या मनात आलं, बरं झालं, मारा त्याला. दोन महिने मी त्याच्यावर धुमसत होते.

कोल्हापुरात आमची एक छोटी कंपनी होती. अशा प्रेस चालवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो आणि त्याचं रिलीज मी बघायची. आपापलं काम सगळे एका मुख्य ब्रांचमध्ये टाकत. ठरलेल्या शुक्रवारी त्या खोडातून एक फांदी काढायची, ती रिलीज ब्रांच. फांदी निघाली की तिच्यात नवं काही घालायचं नाही, आहे ते तपासायचं, आणि तेच पुढे यंत्रांवर जायचं. माझी पद्धत अगदी गावठी होती. चहाचा कप घेऊन मी एकेका टेबलाशी जाऊन उभी राहायची आणि विचारायची, "काढू का?" समोरचा "काढा" म्हणाला तरी मी त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. शिरीष गुरव नावाचा आमचा एक जण मान खाली घालूनच "काढा" म्हणायचा. मग मी कप त्याच्या टेबलावर ठेवायची आणि खुर्ची ओढून तिथंच बसायची. थोड्या वेळानं तो कबूल व्हायचा, "ताई, जरा थांबता का? एक अर्धवट राहिलंय."

सगळ्यांना माझी सवय झाली होती. अर्धंमुर्धं काम बिनधास्त मुख्य ब्रांचमध्ये टाकून लोक घरी जायचे. ताई विचारायला येणारच आहे, तेव्हा सांगू.

मग पुण्याहून निनाद पेंडसे आला. हुशार, सडपातळ, कुणाला लागणार नाही अशा बेतानं बोलणारा.

"ताई, यात दर वेळी तुमचा अर्धा दिवस जातो," तो एकदा म्हणाला. "आपण हे वेळापत्रकावर टाकू. शुक्रवारी दुपारी बारा वाजले की ब्रांच आपोआप निघेल, आणि चाचणीच्या प्रेसवर आपोआप जाईल."

"आणि विचारणार कोण?"

"विचारायची गरजच पडू नये. मुख्य ब्रांच कायम तयार असली पाहिजे."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि तेच मला झोंबलं. कंपनीच्या साहेबांनी मान डोलावली. नव्या व्यवस्थेबद्दल निनादनं सगळ्यांना रीतसर कळवलंसुद्धा. लोकांनी ते वाचलं आणि सवयीप्रमाणे काम चालू ठेवलं. मी तोंडाला कुलूप लावून बसले. मला कुणी विचारत नाही ना, मग मी कशाला बोलू?

त्या वर्षी खंडेनवमी शुक्रवारी आली. ऑफिसला सुट्टी होती. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मगदूम काकांचा प्रेसचा कारखाना होता आणि दादा तिथं फोरमन होता. त्याच्याच ओळखीनं काकांनी एक प्रेस आम्हाला चाचणीला दिली होती. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की ही प्रेस रिकामी असेल ती वेळ बघून ती आपली आपण उतरवून घ्यायची. म्हणून पूजेचं आमंत्रण मला होतं आणि निनादलाही होतं.

काकांच्या कारखान्याची एक रीत होती. आरती झाली की नारळ दगडावर फोडायचा नाही. तो प्रेसखाली ठेवायचा आणि पहिला दाब त्याच्यावर द्यायचा. त्यासाठी पूजेच्या वेळी मशीन चालू लागायचं. दिवे न लागलेल्या मशीनची पूजा काकांना मान्य नव्हती. प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा एक अदृश्य पडदा असतो. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं आणि भोंगा वाजतो. हार घालताना, हळद लावताना भोंगा सारखा बोंबलू लागला.

"रंगराव, ते भोकाड बंद करा की," काका वैतागून म्हणाले.

दादानं कमरेची किल्ली काढली आणि पडदा बंद केला. दर वर्षीच करायचा.

चाचणीच्या प्रेसला कुंकू सॉफ्टवेअरच्या ताईंनीच लावायचं असा काकांनी आग्रह धरला. मी डाव्या हातात ताट घेतलं, नारळ डायच्या पुढ्यात ठेवला आणि उजवा हात आत घातला. बारा वाजले असतील. बाजूचा स्क्रीन काळा होऊन परत उजळला तो माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यात दिसला. मी कुंकवाचं बोट टेकवत होते. लक्ष दिलं नाही.

"ताई, हात!" निनाद ओरडला.

वर काहीतरी फुसफुसलं आणि रॅम खाली आला. संथपणे आला, पण थांबला नाही. हाडांचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. ताट पडलं. दादानं झेप घेऊन लाल बटणावर थाप मारली, म्हणून मनगट वाचलं.

लाल बटण दाबलं की मोटर बंद होते आणि ब्रेक रॅमला आहे तिथंच धरून ठेवतो. तो वर उचलायचा तर मशीन पुन्हा सुरू करायला हवं. दादाचं अर्धं आयुष्य प्रेसवर गेलेलं. लाल बटण पिळून सोडवायचं, हिरवं दाबायचं, मग रॅम वर घ्यायचा, हे त्याला झोपेतही आलं असतं. जुन्या आवृत्तीत ते तसंच होतं.

पण आत बसली होती ती बाराच्या ठोक्याला आपोआप उतरलेली नवी आवृत्ती. सुरू होताच, आणि पुढे दर वेळी हिरवं बटण दाबताच, रॅमनं आधी तळापर्यंत खाली जायचं, आपली जागा शोधायची आणि मग वर यायचं, असं तिच्यात लिहिलं होतं. मला ते माहीत होतं, कारण शिरीष त्याच कामात गुंतला होता. खाली जाणं त्यानं लिहून ठेवलं होतं. खाली कुणी आहे का हे बघणं लिहायचं राहिलं होतं.

हे सगळं माझ्या डोक्यात जुळलं तेव्हा माझं दुखणं जागं झालं. मी ओरडले, "दादा, त्याचं ऐक! खरं बोलतोय तो!" पण तोंडातून नुसता हंबरडा निघाला. पूजेच्या नारळांची परात धरलेल्या मगदूम काकू आणि बाकीच्या बायका रडत होत्या, माणसं एकमेकांवर ओरडत होती. कुणीतरी जॅक आणायला धावलं आणि स्टोअरला कुलूप, किल्लीवाला गावी, असं ओरडत परत आलं.

"लई झालं ह्याचं," दादा म्हणाला. त्यानं निनादची गळपट्टी धरून त्याला ओढलं. झब्बा टरकन फाटला. निनादनं काय केलं असेल? तो दादाच्या दंडाला कडकडून चावला. दादानं त्याच्या कानशिलावर हात मारला, एकदा, दोनदा, तो सोडेपर्यंत. निनाद गुडघ्यावर आला, पुन्हा उठला आणि पॅनलच्या दाराला दोन्ही हातांनी मिठी मारून बसला. त्याचा एक डोळा रक्तानं मिटला होता.

"मारा हवं तेवढं," तो धापा टाकत म्हणाला, "पण ते बटण... ते बटण नका दाबू."

"ताईचा हात चिरडतोय आनि ह्यो मशीन राखतोय बघा!" दौलू ओरडला. दौलू दादाच्या हाताखालचा ऑपरेटर, भरदार गडी, दादासाठी जीव टाकणारा. त्यानं कोपऱ्यातली सळई उचलली आणि निनादच्या मनगटावर घातली. काड मोडल्यासारखा आवाज झाला. आज दुसऱ्यांदा मी तो आवाज ऐकत होते. निनाद किंचाळला आणि बाजूला कोसळला. कुणीतरी त्याच्या पाठीत लाथ घातली, मग दुसऱ्यानं.

पॅनल मोकळं झालं. दादा निनादला ओलांडून पुढे आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "सुलू, दम धर. काढतोच बघ तुला." त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं लाल बटण पिळून सोडवलं. 'टक्' आवाज झाला. मग त्याचा अंगठा हिरव्या बटणाकडे गेला.

"दादा, नको!" या वेळी शब्द नीट निघाले. त्यानं ते ऐकले, आणि दुखण्यानं माझं डोकं फिरलंय असंच त्याला वाटलं. त्यानं माझ्याकडे बघायचं थांबवलं.

डायच्या पुढ्यात नारळ होता. माझा डावा हात मोकळा होता. लहानपणी चिंचा पाडताना दगड डाव्या हातानंही मारता आला पाहिजे म्हणून दादानंच माझ्याकडून घोटून घेतलं होतं. मी नारळ उचलला आणि जिवाच्या आकांतानं त्याच्या तोंडावर फेकला.

नारळ भुवईच्या वर बसला. दादा एक पाऊल मागे गेला, काय झालं ते न कळल्यासारखा हात कपाळाला लावला आणि बदकन खाली बसला. रक्त त्याच्या दोन्ही डोळ्यांत उतरलं. नारळाला तडा गेला होता, पाणी फरशीवर सांडत होतं.

"कुणी त्या बटणाला हात लावाल," मी म्हटलं, "तर काकूंच्या परातीत अजून नारळ आहेत."

दौलूच्या हातातली सळई खाली पडली.

"निनाद, ऐकू येतंय?"

"हो, ताई."

"फोन काढ. ब्रांच उडव."

त्यानं उजवा हात छातीशी धरून डाव्या हातानं फोन काढला. फोन दोनदा फरशीवर पडला.

"ब्रांच उडवतो..."

"थांब! आधी वेळापत्रक बंद कर. नाहीतर ते परत काढील."

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याचा एकच डोळा उघडा होता. "बरोबर," तो म्हणाला. मग त्याचा अंगठा फोनवर फिरत राहिला. "वेळापत्रक बंद. ब्रांच उडवली. आधीची आवृत्ती वर आणतोय."

लाल बटणानं फक्त मोटर बंद होते, स्क्रीन चालू असतो. तो काळा झाला, उजळला, पुन्हा काळा झाला. मला भोवळ येत होती. काकूंनी मागून माझ्या कमरेला मिठी घातली होती आणि त्या पुटपुटत होत्या, "अंबाबाई, अंबाबाई." शेवटी स्क्रीनवर जुना, ओळखीचा प्रश्न आला. रॅम हलवायचा असेल तर दोन्ही बटणं एकदम दाबा.

ती दोन बटणं प्रेसच्या दोन टोकांना होती, ऑपरेटरचे दोन्ही हात बाहेर गुंतावेत म्हणून. निनादचा एक हात मोडला होता. दौलू जागच्या जागी थिजला होता. दादा फरशीवरून उठला. बाहीनं त्यानं डोळे पुसले आणि एका बटणाशी जाऊन उभा राहिला. दुसरा हात लांबवला, पण मधे मी होते, तो पोचेना.

"माझ्या एकट्याच्यानं न्हाई व्हायचं," तो म्हणाला. मग निनादकडे न बघताच बोलला, "तू ये."

निनाद फरफटत दुसऱ्या टोकाला गेला. डावा तळवा बटणावर ठेवला.

"खात्री हाय न्हवं?" दादानं विचारलं.

"आहे. आधी हिरवं दाबा, मग तिनावर ही दोन्ही."

दादानं हिरवं दाबलं, रॅम हलला नाही. तीन म्हटल्यावर तो वर गेला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. काकांच्या गाडीच्या मागच्या सीटवर मी आणि निनाद शेजारी शेजारी होतो, आणि पुढे बसलेला दादा दवाखाना येईपर्यंत एकदाही मागे वळला नाही. दोन बोटं गेली. हात राहिला.

दुसऱ्या दिवशी शिरीष दवाखान्यात आला आणि पलंगाच्या दांड्याला धरून ढसाढसा रडला. "मला वाटलं, ताई विचारायला येतीलच," तो म्हणाला. कुणी त्याला दोष दिला नाही. ऑफिसातल्या प्रत्येकाला तेच वाटत होतं.

निनादनं तक्रार दिली. द्यायलाच हवी होती. त्याच्या मनगटात धातूची पट्टी बसवली, एका कानानं त्याला कमी ऐकू यायला लागलं, आणि ते ज्यांनी केलं त्यांना तो नावानं ओळखत होता. दादा आणि दौलू आत गेले, जामिनावर सुटले, खटला उभा राहिला. साक्षीला मला बोलावलं. वकिलानं विचारलं, पहिला ठोसा कुणी मारला? मी दादाचं नाव घेतलं. दोघांना शिक्षा झाली. दादाची नोकरीही गेली. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही. दर भाऊबीजेला मी पाट मांडायची आणि दिवेलागणीला उचलून ठेवायची.

निनाद पुण्याला परत गेला. जाण्याआधी डाव्या हातानं टाइप करत त्यानं ते वेळापत्रक पुन्हा सुरू करून दिलं. ते अजूनही चालतं. शुक्रवारी बारा वाजता सगळी तयारी आपोआप होते, पण ब्रांच काढायच्या आधी ते थांबतं आणि माझ्या फोनवर एक ओळ येते, "ताई, काढू का?" मग मी चहाचा कप उचलते आणि टेबलांवरून फिरून येते. कधी कधी फोनवर 'नाही' दाबते. खंडेनवमीच्या आठवड्यात तर दरवर्षी.

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुपारी, मी पाट मांडत असताना दार वाजलं. दादा होता. केस पार पिकले होते. भुवईवरचा व्रण तेवढा तसाच होता, अर्ध्या चंद्रासारखा. आत येऊन तो पाटावर बसला. मी निरांजन लावलं.

"एक इचारू?" तो म्हणाला.

"विचार."

"त्या दिवशी नारळ हाणलास. कुणाला वाचवाय हाणलास? त्या पोराला का हाताला?"

"तुला," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली.

"माझा हात गेला असता तर मी एका हातानं जगले असते, दादा. पण पडद्याची किल्ली तूच फिरवली होतीस. हिरवं बटणसुद्धा तूच दाबलं असतंस. मला काढायला म्हणून दाबलं असतंस आणि तुझ्या डोळ्यांदेखत माझा हात चिरडला असता. तू जगला नसतास. मी काय ओळखत नाही होय तुला?"

दादानं निरांजनाकडे मान वळवली. मग त्याचे खांदे हलायला लागले. मी त्याला रडू दिलं.

"पुढं सरक," शेवटी मी म्हटलं. "कुंकू राहिलंय."

कुंकू लावायचं माझं बोट त्या प्रेसखाली गेलेलं. मी मधलं बोट करंड्यात बुडवलं आणि त्याच्या कपाळावर, त्या व्रणाच्या शेजारी टेकवलं. दादानं माझा तो तीन बोटांचा हात दोन्ही हातांत धरला आणि ओवाळायचं राहिलं तरी सोडला नाही.